तुऱ्याला आलेला ऊस आणि धबधबे: मॉरिशसमधला आठवडा

शनिवार

विमान खाली यायला लागलं की आधी प्रवाळखडकांवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसते, मग निळं-हिरवं उथळ पाणी आणि मग ऊसच ऊस. अगदी विमानतळाला येऊन भिडलेला. मुंबईपासून साडेसहा तास डोळे मिटून बसलेले आप्पा, म्हणजे माझे सासरे, ताठ झाले आणि खिडकीला नाक लावून म्हणाले, "सगळ्याला तुरा आलाय की गं!"

आपल्याकडे उसाला तुरा येतो तो दिवाळीनंतर, थंडीत. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे, म्हणून इथं मे महिना म्हणजे थंडीची सुरुवात. मी शाळेत भूगोल शिकवते. हा धडा दरवर्षी फळ्यावर आकृती काढून घेते. आमच्या पोरांना तो आजोबांच्या एका वाक्यात कळला.

आप्पांची नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात झाली, बॉयलिंग हाऊसला, पॅनवर साखर शिजवण्याची. "समुद्रच बघायचा तर गणपतीपुळं काय वाईट आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मॉरिशसमध्ये एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचं संग्रहालय केलंय, असं नवऱ्यानं सांगितल्यावर ते पासपोर्ट काढायला तयार झाले. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, माहेर गुहागरकडचं, त्यामुळे त्यांनाही समुद्राचं काही अप्रूप नाही. पोरांना धबधबे बघायचे होते. मला फक्त आठवडाभर स्वयंपाक नको होता. तो काही टळला नाही, कारण आम्ही फ्लिक-आं-फ्लाक या किनाऱ्यावरच्या गावात स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आणि आईंनी पिठलं-भाताचं सामान आणलं होतं.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. घड्याळ दीड तास मागं करायचं. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. आम्ही चालकासकट व्हॅन घेतली. चालकदादांच्या घरी आजी भोजपुरी बोलायची; ते स्वतः क्रिओल (इथली रोजची, फ्रेंचवरून बनलेली बोली), फ्रेंच आणि सिनेमातून शिकलेलं हिंदी बोलत. आप्पांचं हिंदी सांगलीचं. दोघांचं पहिल्या दहा मिनिटांत जुळलं. विषय अर्थातच ऊस: एकरी टनेज किती, तोड कधी सुरू होते, पाणी कुणाचं. तोड साधारण जूनअखेरीपासून डिसेंबरपर्यंत चालते. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते. धाकटा म्हणाला, पिरॅमिड. चालकदादा म्हणाले, "हे आमच्या पणजोबांनी रचले. शेत करायचं तर आधी दगड वेचायला लागायचे."

रविवार

समुद्रकिनारा. वाळू पांढरी, पाणी गुडघ्याएवढं आणि लांबपर्यंत तेवढंच, कारण लाटा बाहेर प्रवाळाच्या भिंतीवर फुटतात. पोरं संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाहीत. पावणेसहाला सूर्य बुडाला. रविवारी स्थानिक कुटुंबं पातेली, चटया, ढोलकी घेऊन सुरूच्या झाडांखाली दिवसभर मुक्काम ठोकतात, आणि ते बघणं समुद्रापेक्षा जास्त मजेचं होतं.

सोमवार

बो प्लां. बेटाच्या उत्तरेला, पांप्लेमूसच्या बागेपासून जवळच. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि २००२ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. भंगारात एकही यंत्र न विकता त्यातूनच वाट काढत लोकांना फिरवायचं, ही कल्पना ज्याची असेल त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटली.

धुराडं बाहेर उभं. आत शिरलं की लोखंडी जिने, दातेरी चाकं, पाइपांचं जाळं, आणि या सगळ्याच्या अंगाखांद्यावर बेटाचा इतिहास मांडलेला. डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. मग फ्रेंच आले, १७३५ पासून माहे द ला बुर्दोने या गव्हर्नरानं बंदर उभारलं आणि साखरेला जोर दिला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. उसाच्या मळ्यांवर राबायला आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले होते. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मजूर हिंदुस्थानातून आणायची तजवीज आधीच झालेली होती. गुलामांचा भाग हातचं न राखता मांडलाय. पळून गेलेल्यांना काय शिक्षा व्हायच्या ते वाचून आमची थोरली बराच वेळ गप्प होती. पोरांसाठी वेगळ्या पाट्या आणि प्रश्न आहेत, त्यामुळे धाकटाही दोन तास टिकला.

आप्पा पाट्या वाचतच नव्हते. ते यंत्रांशी बोलत होते. "हे रोलर बघ. इथं रस निघाला. चिपाड तिकडं बॉयलरला गेलं. रस इथं तापवला, चुना घातला, निवळला. हे इव्हॅपोरेटर, यात पाणी उडवायचं." मग ते पॅनपाशी आले आणि थांबले. पॅन म्हणजे निर्वात केलेलं भलंमोठं बंद भांडं. त्यात पाक कमी तापमानाला उकळतो आणि दाणा धरतो. बाजूला नमुना काढायची दांडी असते आणि आत बघायला जाड काचेची गोल खिडकी. आप्पांनी त्या काचेवर हात फिरवला. रात्रपाळीत दर थोड्या वेळानं दांडी ओढायची, काचपट्टीवर थेंब पसरायचा, दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. दाणा मधेच बारीक पडला की सगळी पॅन बिघडली. हे सगळं त्यांनी नातवाला हातवारे करून दाखवलं. आमच्या मागे उभं असलेलं एक फ्रेंच जोडपं तेही लक्ष देऊन ऐकत होतं. भाषा कळत नसावी, पण दांडी ओढल्याचा अभिनय त्यांना समजला. शेवटी त्या बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि आप्पा लाजले.

फेरी संपते तिथं साखरेची चव घ्यायला मिळते. छोट्या वाट्यांत ओळीनं साखरा: फिकट सोनेरी, जाड दाण्याची डेमेरारा, मग तपकिरी, आणि शेवटी जवळजवळ काळी, ओलसर मस्कोवाडो. आपल्या कारखान्यांत रसाला गंधकाचा धूर देऊन साखर पांढरी करतात, आणि मळी जितकी बाहेर काढता येईल तितकी काढतात. इथं या खास साखरांत मळीचा अंश मुद्दाम ठेवलेला असतो आणि त्याचेच जास्त पैसे मिळतात. युरोपात साखरेला मिळणारा हमीभाव २००९ मध्ये संपला. तेव्हापासून बेटाला असा माल करावाच लागला. आज इथं तीनच कारखाने चालू आहेत, आणि चिपाडावर वीज करून ती गावाला देतात.

आईंनी काळी साखर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "काकवी आहे ही. वाळवलेली काकवी." आप्पांनी ओळीतल्या सगळ्या वाट्या परत एकदा चाखल्या. काउंटरवरची मुलगी हसत बघत होती. मग त्यांनी मत दिलं: "आपण आयुष्यभर जे धुऊन काढलं, ते हे लोक पुड्या बांधून विकायलेत." त्यात राग होता का कौतुक, मला सांगता यायचं नाही. काळ्या साखरेच्या दोन पुड्या मात्र घेतल्या.

दुपारी पांप्लेमूसची बाग. परातीएवढी कमळाची पानं तळ्यावर पसरलेली, फोटो काढले, झालं.

मंगळवार

पोर्ट लुई. उकाडा, गर्दी, हॉर्न. इथं आल्यावर घरी आल्यासारखं वाटलं.

बंदराकाठच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची दोन अतिशय दुर्मिळ टपाल तिकिटं आहेत: एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं. दोन्हींवर राणीचा चेहरा आणि बाजूला 'पोस्ट ऑफिस' ही अक्षरं. १९९३ मध्ये मॉरिशसमधल्या बँका-कंपन्यांनी मिळून वीस लाख डॉलरच्या आसपास मोजून ती परत आणली. रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात. एरवी नकला बघायच्या. लोक काचेसमोर आरतीला उभं राहावं तसे वाट बघत होते. दिवा लागला, नखाएवढे दोन कागद दिसले, दिवा विझला. धाकटा म्हणाला, "एवढंच?" त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण थोरलीला मी सांगितलं, यातली एक-एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं एक पाकीट १८५० मध्ये इथून मुंबईला गेलं होतं. ते पुढे १८९७ मध्ये हिंदुस्थानातल्या एका बाजारात सापडलं आणि जगातल्या सगळ्यात महागड्या पाकिटांत जाऊन बसलं. तेव्हापासून ती आजोळच्या ट्रंकेबद्दल चौकशी करतेय.

तिथून चालत आप्रवासी घाट. १८३४ पासून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून या बेटावर उतरले. त्यांना उतरवून घ्यायचा हा डेपो १८४९ चा. दगडी भिंती, एक दवाखाना, मोऱ्या, आणि समुद्रातून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. बाकी फार थोडं उरलंय, आणि पायऱ्यांसमोरचा समुद्रही भराव घालून मागं ढकललाय. २००६ मध्ये हे जागतिक वारसास्थळ झालं. आत जायला तिकीट नाही. शेजारच्या दालनात मजुरांचे फोटो आहेत, छातीवर क्रमांक. बिहारकडचे सगळ्यात जास्त. पण मुंबई बंदरातूनही जहाजं आली, त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसं होती. आई प्रत्येक फोटोपाशी थांबत होत्या. एका बाईच्या नाकातली नथ दाखवून म्हणाल्या, "ही आपल्याकडची." असेल, नसेल. आम्ही कुणी वाद घातला नाही.

बाजारात आलुदा प्यायलो: थंड दूध, सब्जा, अगरचे लांब तुकडे. आपल्या फालुद्याचा भाऊ. रस्त्यावर ढोल पुरी खाल्ली, म्हणजे चण्याच्या डाळीचं बारीक पुरण भरलेली मऊ पोळी, दोन-दोनच्या जोडीनं, आत वालाची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचा ठेचा. आप्पांनी ठेचा वाढवून घेतला. गाडीवाल्यानं दोनदा विचारून खात्री केली.

बुधवार

शामारेल. पश्चिम किनाऱ्यानं खाली जाताना ल मोर्नचा सुळका सतत दिसत राहतो; पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपायचे, आणि म्हणूनच तोही २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मग घाट लागतो.

धबधबा शंभर मीटरच्या आसपास, एकाच उडीत खाली. समोरच्या कठड्यावरून बघायचा, खाली हिरवी दरी. पाण्यासमोर पांढरे, लांब शेपटीचे पक्षी घिरट्या घालत होते. "विमानाच्या शेपटीवरचा पक्षी!" धाकटा ओरडला, आणि खरंच, इथल्या विमान कंपनीचं चिन्ह तोच आहे. दरीत वर येणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलवता ते तरंगत होते. आम्ही धबधबा सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो.

त्याच तिकिटात सात रंगांची माती. ज्वालामुखीचा खडक कुजून त्याची माती झाली, पावसानं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. त्यांचे हे लाल, विटकरी, जांभळट पट्टे. सकाळचं ऊन तिरपं असताना छान दिसतात. दुपारी बारानंतर गेलात तर जत्रा आणि फिकट टेकाड, एवढंच हाती लागेल. कुंपणापलीकडे जाता येत नाही. शेजारी अल्दाब्राची महाकाय कासवं आहेत आणि पोरांच्या लेखी तीच खरी.

परतताना प्लेन शांपान्यच्या पठारावरून आलो. इथल्या थंडीत आम्हाला स्वेटर काढायला लागले. रस्त्याकडेच्या झुडपांत बोराएवढे लालभडक पेरू लगडले होते. बाहेरून आलेलं हे झाड मूळच्या जंगलाचा गळा आवळतंय, त्यामुळे वनखात्याला नकोसं आणि लोकांना हवंसं. मे-जूनला घरंच्या घरं पिशव्या घेऊन पेरू तोडायला येतात. चालकदादांनी गाडी थांबवली, डिकीतून मीठ-तिखटाची डबी काढली. ती डबी कायम गाडीतच असते म्हणाले. आंबट-गोड, बियाच बिया, दाताखाली कुरकुर. आईंनी पदराचा खोचा भरला.

अलेक्झांड्रा धबधबा लांबून बघितला, अर्धा ढगात होता. गंगा तलावावर शंकराची तेहतीस मीटरची मूर्ती, माकडं आणि खूप शांतता. आईंनी पाण्यात फूल सोडलं. माकडानं ते लगेच उचललं.

गुरुवार

आज सेत कास्काद, म्हणजे तामारिंद नदीचे सात धबधबे. सुरुवात आँरिएता गावातून. वाटाड्याशिवाय जाऊ नये. वर पाऊस झाला तर पाणी अचानक चढतं आणि खडक शेवाळलेले असतात. आमचा वाटाड्या तरुण पोरगा, पायात रबरी सपाता, आणि त्याच सपातांवर तो दगडांवरून हरणासारखा जात होता. नाव सातचं असलं तरी त्याच्या मोजणीत अकरा होतात.

आई-आप्पांना खाली उतरायचं नव्हतं. आधीच ठरलं होतं, ते गावात थांबणार. म्हणून मी जे बघितलं ते निम्मंच, आणि दुसरं निम्मं ऐकीव आहे.

आम्ही चौघं उसातून चालत कड्याच्या टोकाशी गेलो. एका बाजूला धरणाचं पाणी, समोर दरी, दरीत पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेलं पाणी, आणि पार टोकाला पश्चिमेचा समुद्र. खाली या पाण्यावर वीज करतात. पहिल्या डोहापर्यंत उतरायला मुळं आणि दोर धरावे लागतात. पाणी इतकं गार की नवऱ्याच्या तोंडून सांगलीची शिवी निघाली आणि दरीतून परत आली. थोरली धबधब्याच्या पडद्याआड जाऊन बसली. चेहरा दिसत नव्हता, फक्त हलणारा हात. दोन टप्पे उतरून आम्ही मागं फिरलो. लहान पोरं बरोबर असतील तर तेवढंच करावं, चढून वर यायचं असतं.

इकडे गावात आई-आप्पा एका दुकानाच्या बाकावर बसले होते. दुकान म्हणजे गरम गातो पिमां तळणारी एक आजी. गातो पिमां हे आपले डाळवडेच, जरा लहान. आईंचं कुंकू आणि पातळ बघून आजींनी विचारलं, इंडिया? मग हिंदीतून विचारलं, कुठला भाग? आणि मग आजी थेट मराठीत म्हणाल्या, "आम्ही मराठी." शाळेत शिकलेलं, जपून जपून बोललेलं मराठी. घरी क्रिओलच. त्यांच्या खापरपणजोबांच्या बेटावर उतरल्याच्या नोंदीचा कागद मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून काढून आणलाय, त्यावर रत्नागिरी आहे, गाव नीट लागत नाही. आडनाव म्हणजे त्याच खापरपणजोबांचं पहिलं नाव. गोऱ्या कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं.

या गावातच १८९६ मध्ये बेटावरचा पहिला गणेशोत्सव झाला असं सांगतात. आता गणेश चतुर्थीला मॉरिशसभर सार्वजनिक सुट्टी असते. आजींनी आरतीची सगळी कडवी म्हणून दाखवली. आणि मग झाकरीचा विषय निघाला. सणाला इथं झाकरी म्हणतात, गोल करून नाचतात. आईंनी विचारलं, कशी? आजींनी दोन ओळी धरल्या आणि पाय टाकून दाखवला. आई उठल्याच. गुहागरकडे गणपतीत जाखडी नाचतात, पायांत चाळ बांधून, मृदंगाच्या ठेक्यावर. आम्ही चिखलानं बरबटून परत आलो तेव्हा आमच्या सासूबाई, ज्या लग्नाच्या वरातीतसुद्धा कधी नाचल्या नाहीत, दुकानासमोर कमरेवर हात ठेवून त्या आजींना पाय दुरुस्त करून दाखवत होत्या. आजींना ते मान्य नव्हतं. "नाही, नाही, आमचं असंच," म्हणाल्या. वड्यांचा घाणा करपत होता आणि आप्पा झारा घेऊन तिथं उभे होते.

पैसे घ्यायला आजी तयार होईनात. शेवटी आईंनी मेतकुटाची पुडी देऊन हिशेब मिटवला.

शुक्रवार

विमानतळ आग्नेयेला, म्हणून शेवटचा दिवस दक्षिणेत काढला. सुय्याकजवळ रोचेस्टर धबधबा. उसातल्या खडबडीत वाटेनं, हातानं रंगवलेल्या पाट्या बघत जायचं. उंची फार नाही, पण रुंद आहे, आणि पाण्यामागचा खडक बघण्यासारखा: उभे, कोनेदार काळे खांब एकाला एक चिकटून. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि असा तडकतो. असेच खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला आहेत, आमच्याकडे पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही आहेत.

आणि हे साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. आज शेजारच्या रीयुनियन बेटाखाली जे उष्णस्थान आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येत राहतो ती जागा, त्याच्यावरून भारतीय भूखंड सरकत असताना साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, असं भूशास्त्र सांगतं. भारत उत्तरेला निघून गेला. त्याच उष्णस्थानावर पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. मी हे डोहाकाठी दगडावर बसून सांगितलं. थोरलीनं विचारलं, "म्हणजे सह्याद्री मोठा भाऊ?" आप्पा म्हणाले, "म्हणून तर ऊस येतोय इथं. जमीन तीच."

गावातली पोरं वरच्या कड्यावरून डोहात उड्या मारतात आणि मग बक्षिसी मागतात. द्यावी, पण आपण उडी मारायच्या भानगडीत पडू नये, खाली खडक कुठं आहेत ते त्यांनाच माहीत असतं. धाकट्यानं कडेच्या पाण्यात बसून सगळ्यांना दहापैकी गुण दिले.

ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, त्यामुळे तिथं समुद्र थेट कड्यावर येऊन आपटतो. तिथं शेवटची ढोल पुरी खाल्ली. मग विमानतळावर सामान तोलताना पिशवी दोन किलोनं जास्त भरली. नवऱ्यानं काय काढायचं म्हणून उघडली तर वर काळ्या साखरेच्या दोनच्या पाच पुड्या झालेल्या. आप्पा छताकडे बघत होते. शेवटी नवऱ्याचे बूट माझ्या पर्समध्ये गेले.